पेटीतला घेवडा

दिनकर, परवा तुझ्या तेराव्याला आचारी मीच होतो. भावकीनं विचारायच्या आधीच मी डोक्याला पंचा गुंडाळून भट्टीपाशी उभा राहिलो. खपली गव्हाची खीर, वांग्याची भाजी, आमटी, भात. खीर अशी उतरली होती की तुझ्या लेकीनं, सुनीतानं, डोळे पुसत पुसत दोनदा मागून घेतली. मला बरं वाटलं. भावाच्या तेराव्याला असं बरं वाटू नये हे मला कळतं, पण पंगतीत पदार्थ उठला की आचाऱ्याला बरं वाटतंच. तेवढ्यात तुझ्याबरोबर पत्ते खेळायला यायचा तो डेअरीवाला हात धुता धुता म्हणाला, "जेवान एक नंबर झालं हवालदार. पर दिनकर आबाच्या पेटीतल्या घेवड्याची सर न्हाई बगा कशाला."

मेलास तरी सोडलं नाहीस मला. हातातली पळी तिथंच आपटावी असं वाटलं. आपटली नाही, कारण तुझा फोटो समोर होता आणि तू त्यात हसत होतास.

आपलं हे जुनंच आहे. सख्खे चुलतभाऊ, एका भिंतीला पाठ लावून दोन घरं, मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा आणि उंचीला चार बोटं कमी. साताऱ्याला फौजेच्या भरतीत एकाच सकाळी धावलो. तुला ड्रायव्हर केलं, मला कुक. सुट्टीवर आलो की तू बर्फातल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचास आणि पाणी भरायला निघालेल्या बायकासुद्धा घागर कमरेवर घेऊन ऐकत थांबायच्या. मला कोण काय विचारणार? कांदा किती पोती चिरला, एवढंच सांगण्यासारखं होतं माझ्याकडं. मी जळायचो, आणि ते तुला दिसायचं. पण मी मनाशी म्हणायचो, असू दे, गाडी त्याची तर कढई माझी. पेन्शनीत आल्यावर ते खरंही झालं. फलटणपासून म्हसवडपर्यंत मी लग्नाच्या पंगती उठवल्या. औंधच्या यात्रेचे पाव्हणे यमाईचं दर्शन झालं की आधी माझ्या दारात रश्शाचा वास घ्यायला यायचे. त्या काळात तुला साधा चहा जमत नव्हता. तुझ्या चहाला मी गाडी धुतलेलं पाणी म्हणायचो.

मग तुझी बायको, पारू, गेली. पोरगा महेश फौजेत, सून रूपाली साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स. सकाळी सव्वासातची एसटी, परत यायला संध्याकाळचे सात. नात अनू शाळेतनं आली की बिस्किटांवर राहायची, नाहीतर ती शेवयांची पुडी. रूपाली दमून यायची आणि पर्स खांद्यावर असतानाच कुकर लावायची. तिचा चेहरा पार उतरला होता. ते तू बघितलंस. खरं सांगायचं तर मीही बघितलं होतं. मी काय केलं? एका रविवारी डबाभर मटण पाठवलं आणि आठवडाभर गावात सांगत फिरलो. तू मात्र साठी उलटल्यावर पहाटे उठून स्वयंपाकघरात शिरलास.

दिवसभर मंद आचेवर शिजवणारा विजेचा स्लो कुकर सुनीतानं सांगलीहून आणला होता. तिच्या शेजारी जैनांचं घर आहे. ती बाई शाळेत शिकवते, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून सकाळी जाताना डाळ-भाजी त्यात टाकते आणि साडेपाचला आल्या आल्या ताट वाढते. सुनीता म्हणाली, "आबा, बटन दाबायचं आन् इसरायचं." तू दाबलंस आणि विसरलास. नऊला वीज गेली ती चारला आली. संध्याकाळी मूग जसेच्या तसे टणक, आणि वर आंबूस वास. मी मुद्दाम बघायला आलो होतो. इतका हसलो की अनूसुद्धा माझ्यावर चिडली.

दुसरा कोणी असता तर त्यानं ते भांडं माळ्यावर टाकलं असतं. तू फौजेतली काळी पेटी रिकामी केलीस, ती तुझ्या नावाची आणि नंबराची. तळाला दोन वाकळा, बाजूंनी फौजी कांबळं, मध्ये पातेल्यापुरती जागा. भिजवलेला घेवडा गॅसवर चांगला अर्धा तास खळखळ उकळायचा, झाकण घट्ट लावून उकळता उकळताच पेटीत ठेवायचा, वरनं गोधडी दाबायची आणि कडी लावायची. सकाळी साडेसहाला पेटी बंद, संध्याकाळी सातला उघडायची, वर एक उकळी दिली की ताट तयार. वीज असो नसो. मी म्हणालो, "पेटीत सैपाक? उद्या कपाटात भाकरी भाजशील." तू म्हणालास, "भाजंन की. तू जाळ कर."

आणि आपलं खरं भांडण इथं आहे, जे मिटलं नाही. तू सगळ्यांना सांगायचास, ही युक्ती मला गाडीवर सुचली. थंडीत ताफा पहाटे निघाला, डाळ अर्धीकच्ची राहिली, ती डेगची मी कांबळ्यात गुंडाळून सीटमागं ठेवली, संध्याकाळी उघडली तर लोणी. अरे पण ती डाळ कोणाची होती? तुझ्या ताफ्याबरोबर त्या महिन्यात लंगरवर, फौजेच्या भटारखान्यात, मी होतो. अर्धीकच्ची डाळ तुझ्या हातात देणारा मी, शिव्या खाणारा मी. तू दर वेळी गोष्ट सांगताना 'लंगरवाल्यानं दिली' एवढंच म्हणायचास. एकदा तरी 'वशानं दिली' म्हणायला तुझं काय जात होतं?

सगळ्यात जास्त कशानं जळलो माहीत आहे? तुझ्या बसण्यानं. आयुष्यभर मी आचेसमोर उभा राहून घाम गाळला. भुवया जळल्या, हाताच्या कातडीला चटके. आणि तू साडेसहाला पेटी लावून अंघोळ करून ओट्यावर पेपर वाचत बसायचास, दुपारी पत्ते, मधे एक डुलकी, आणि आत तुझा स्वयंपाक आपोआप होतोय. सोमवारी मूग आणि दुधी, मंगळवारी ज्वारीच्या कण्या, बुधवारी हुलग्याचं कढण, गुरुवारी घेवडा, शुक्रवारी शेवग्याच्या शेंगा घालून तुरीची आमटी. शनिवार-रविवार रूपालीचा हात. पाच दिवसांच्या पाच पातेल्यांना मिळून तुला तेल लागायचं ते माझ्या एका फोडणीला पुरत नाही. अनूच्या गालावर रंग आला. रूपाली घरी आली की आधी पायावर पाणी घेऊन दहा मिनिटं नुसती बसायला लागली. ते बघून गावातल्या आणखी दोन नोकरीवाल्या पोरींच्या घरी पेट्या माळ्यावरनं खाली आल्या. आपल्या फौजींच्या गावात पेटी नाही असं घर कुठलं? माझा रस्सा लोक वर्षातनं दोनदा आठवायचे, तुझा घेवडा दर गुरुवारी.

हेही मी गिळलं असतं. पण शालनला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, तेल कमी, कडधान्य वाढवा. आणि माझी बायको, एका आचाऱ्याची बायको, हातात वाटी घेऊन तुझ्या दारात जायला लागली. दिवसाढवळ्या, गल्लीतनं. मी एकदा अडवलं. म्हणालो, "माझ्या हातात काय किडं पडल्यात?" ती शांतपणे म्हणाली, "आवं, तुमचं जेवान लग्नाचं. रोज रोज लगीन कोण करंल?" आणि गेली. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या हातचं कधी दुसऱ्यांदा मागून घेतलं नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. दिनकर, बाईवरनं भाऊ भावाचा हेवा करतो तसला हा हेवा नव्हता. तो परवडला असता. हा वाटीवरनं होता.

मी घरात गुपचूप करून बघितलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. माझीही पेटी आहे की. पण आचाऱ्याला पातेलं न हलवता राहवतंय होय? दर तासाला कडी काढायचो, झाकण उचलायचो, पळी फिरवायचो. संध्याकाळी घेवडा दगड. तो मी म्हशीला घातला आणि शालनला म्हणालो, आज कंटाळा आला.

आणि त्याच आठवड्यात मी ते केलं. आता लिहितोच. तू डेअरीवर गेला होतास, दार नुसतं लोटलेलं. मी घरनं वाटीभर तर्री आणली, माझ्या कांदा-लसूण मसाल्याची, लालभडक, आणि तुझी पेटी उघडून पातेल्यात ओतली. मला तेव्हा वाटलं होतं, रात्री सगळे म्हणतील, आज काय चव आली. खरंच असं वाटलं होतं. वाईट करायचं मनात नव्हतं, किंवा असेलही. संध्याकाळी अनूचं तोंड पोळलं, ती रडत साखर खात होती ते मला भिंतीपलीकडनं ऐकू आलं. थोड्या वेळानं तू आमच्या दारात आलास, रिकाम्या हातानं. शालनला म्हणालास, "वैनी, आज तुमाला न्हाई देत. चूक झाली माज्याकडनं, तेल-तिखाट लय पडलं." माझ्याकडं बघितलंससुद्धा नाहीस. दुसऱ्या दिवशी पेटीला कुलूप. मी साळसूदपणे विचारलं, "मांजर येतंय व्हय?" तू पेपरातनं मान वर न करता म्हणालास, "व्हय. लय मोठा बोका हाय."

म्हणजे तुला कळलं होतं. अर्थात कळणार, तीस वर्षं माझा मसाला खाल्लेलास. पुढं आपण हजार वेळा भेटलो, या विषयावर तू एक अक्षर काढलं नाहीस, आणि मीही 'चुकलो' म्हणालो नाही. रोज वाटायचं, उद्या म्हणू.

तू गेलास त्या गुरुवारी सकाळी अकराला ओट्यावर खुर्चीतच गेलास. पेपर मांडीवर. महेश बेळगावात होता म्हणून दिवस मावळायच्या आत पोहोचला. आम्ही तुला पोहोचवून परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या बायका पिठलं-भाकरी थापायला गेल्या होत्या, यायला वेळ होता. आणि अनू, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर बसलेली, एकदम म्हणाली, "आई, भूक लागली. आबांनी घेवडा ठेवलाय."

कुणाच्या डोक्यातच नव्हतं ते. सकाळी साडेसहाला तू पातेलं लावलं होतंस, कुलूप घातलं होतंस, आणि ते आत तसंच शिजत राहिलं होतं, तू गेल्यावरही. रूपालीनं किल्ली काढली आणि पेटी उघडली. झाकण उचललं तर वाफ आली, दिनकर. मी लांबनं बघितलं. एक दाणा फुटलेला नाही आणि प्रत्येक दाणा मेणासारखा मऊ. मला बोट लावायची गरज नव्हती. तुझ्या हातचा आजवरचा सगळ्यात चांगला घेवडा होता तो.

म्हाताऱ्या गंगूआत्या म्हणाल्या, मयत झालं की घरातलं शिजलेलं टाकायचं असतं, पाणीसुद्धा ओतायचं असतं. रूपाली माझ्याकडं वळली. भावकीत वडील मीच. म्हणाली, "आण्णा, ह्ये मामंजी असताना शिजाय लावलंय. ह्ये बी टाकायचं?" तिच्या आवाजात होतं की टाका म्हणू नका.

मी रीत पाळणारा माणूस नाही. लंगरवर असताना मी काय काय बघितलंय आणि काय काय वाढलंय ते तुला माहीत आहे. मी 'पोरीला वाढ' म्हणालो असतो तर गंगूआत्याही गप्प बसल्या असत्या. पण मला दिसलं की ही पोरं आता हे खातील, आणि मरेपर्यंत ही चव विसरणार नाहीत. शालनही खाईल. तुझा शेवटचा घेवडा. त्याच्यापुढं मी जन्मभर काहीही शिजवलं तरी ते हरलेलंच असणार. मी म्हणालो, "रीत हाय. टाका."

गोठ्यामागं खड्ड्यात ओतला तो. अनू बघत होती. शालन माझ्याकडं बघत होती, आणि तिला रीत वगैरे काही पटलेलं नव्हतं. संसाराच्या एवढ्या वर्षांत तिनं मला इतकं नीट ओळखलं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवसापासनं ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताटात वाढलेलं दोन घास खायची, उठायची. तेराव्याला तर जेवलीच नाही. सुई टोचून घ्यायची आणि पोटात अन्न नाही, घेरी येऊन एकदा उंबऱ्यावर बसली. मी हात धरायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

काल सकाळी मी रूपालीकडं गेलो. महेश परत ड्युटीवर गेला होता, ती पोरीची वेणी घालत होती. मी दारातच उभा राहून म्हणालो, "पोरी, त्यो घेवडा म्या रीत म्हणून टाकाय सांगितला न्हाई. जळून सांगितला. तुज्या सासऱ्यावर जळत हुतो म्या, जल्मभर."

तिचे हात थांबले. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला चार शब्द सुनावेल, आणि मला ते हवं होतं. तिनं वेणीला रबर लावलं. मग म्हणाली, "ठावं हाय आण्णा. मामंजींनी बोक्याची गोष्ट सांगितली हुती मला." आणि कंगवा ठेवत, "उद्यापास्नं माजी ड्युटी हाय. सव्वासातची गाडी. अनूचं काय करायचं ते मला सुचंना झालंय. घेवडा किती भिजत घालू?"

दिनकर, तेव्हाच तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "दोन वाट्या. आन् मूठभर शालनची."

आज पहाटे मी तुझ्या स्वयंपाकघरात गेलो. अर्धा तास उकळला, हळद, मीठ, ठेचलेलं आलं, एक चमचा तेल, मसाला चिमूटभर. मसाल्याचा डबा मी दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. पेटी लावली. आणि मग काही करायचं नव्हतं. ओट्यावर बसलो. बारा तास, गड्या. हात नुसते वळवळत होते. दहाला कडीपाशी गेलो आणि परत आलो. दुपारी पुन्हा गेलो. मी समजत होतो तू आळशी आहेस. तुला रोज हे कसं जमत होतं, उघडून न बघता राहणं, ते मला विचारायला हवं होतं. तीन वाजता अनू शाळेतनं आली, तिला भिजवलेले शेंगदाणे दिले, तिनं मला पाढे म्हणून दाखवले. तेही तू रोज करत असणार.

सातला रूपाली आली. पायावर पाणी घेतलं, बसली. शालनही आली, वाटी घेऊन, माझ्याकडं न बघता भिंतीला टेकून बसली. मी पेटी उघडली, उकळी दिली, वाढलं. तिघी खायला लागल्या. मी पळी धरून उभा, भरतीच्या रांगेत उभा होतो तसा.

अनूनं दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला. मग मान वर करून म्हणाली, "आण्णाआबा, आबांच्यापेक्षा भारी झालाय."

रूपाली तिला दटावणार तेवढ्यात मीच बोललो. "न्हाई गं बया. आबाचाच भारी असायचा. ह्यो नुसता त्याच्यासारका हाय." माझं मलाच नवल वाटलं. पोरीचं ते वाक्य ऐकायला मी सबंध आयुष्य कान टवकारून बसलो होतो. तू नाही, मी भारी. आणि ते आलं तेव्हा माझ्याच्यानं घेववेना. शालननं बोटं चाटली, वाटी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "वाढा की आनिक."

मी वाढलं. पोरीनं जे म्हटलं ते खरं होतं, दिनकर. मी चव घेतली होती, मला कळतं. तुझ्यापेक्षा चांगला झाला होता माझा घेवडा. तेवढं ऐकायला तरी तू थांबायचं होतंस रं.